पाळीव हंसांच्या खाद्यातील प्रथिने: सोयापेंडीवरचा भार कुठे आणि किती हलका करता येतो

१९७२ मध्ये पेरूच्या किनाऱ्यावरील अँकोव्ही माशांचा साठा अतिरेकी मासेमारीमुळे आणि त्याच सुमारास आलेल्या एल निनोमुळे अक्षरशः कोसळला, आणि पशुखाद्यात वापरल्या जाणाऱ्या मासळीच्या भुकटीचा जगभर तुटवडा पडला. सारा भार सोयापेंडीवर आला, भाव भडकले, आणि जून १९७३ मध्ये अमेरिकेने सोयाबीनच्या निर्यातीवर बंदी घातली. बंदी थोडेच महिने टिकली, परंतु आयातीवर विसंबलेल्या देशांना तिने धडकी भरवली. जपानने ब्राझीलच्या सेर्राडो या गवताळ प्रदेशात सोयाबीनची शेती उभी राहावी म्हणून पैसा आणि तंत्रज्ञान पुरवले, त्यामागे हाच अनुभव होता. आज ब्राझील, अमेरिका आणि अर्जेंटिना हे तीन देश मिळून जगातील सुमारे ८० टक्के सोयाबीन पिकवतात. पक्षीपालनाचा जवळजवळ सगळा प्रथिनपुरवठा इतक्या थोड्या ठिकाणांवर अवलंबून असणे धोक्याचे आहे, आणि त्यासाठी होणाऱ्या जंगलतोडीचा प्रश्न त्याहून वेगळा आहे. पर्यायी प्रथिनांचा शोध या दोन्ही कारणांसाठी चालू आहे.

या शोधात हंसाची स्थिती काहीशी विचित्र आहे. जगातील पाळीव हंसांपैकी बहुतांश चीनमध्ये आहेत. त्याखेरीज पोलंड आणि हंगेरीत त्यांचे व्यापारी पालन होते. कोंबडीच्या तुलनेत हा व्यवसाय लहान असल्याने संशोधनही कमी झाले आहे, आणि खाद्य बनवणारे पुष्कळदा कोंबडीची कोष्टकेच हंसासाठी वापरतात. त्यात प्रथिने वाया जातात. हंस हा मुळात चरणारा पक्षी आहे, आणि त्याची प्रथिनांची गरज वयानुसार इतकी बदलते की ‘सोयापेंडीऐवजी काय घालावे’ हा प्रश्न सर्व वयांसाठी एकदम विचारला तर त्याचे उत्तर चुकीचेच निघते. पहिल्या चार आठवड्यांच्या पिल्लासाठी सोयापेंड हटवणे अवघड आहे. त्यानंतर ते बऱ्यापैकी सोपे होत जाते.

याचे कारण हंसाच्या पचनसंस्थेत आहे. हंसाची पेषणी, म्हणजे अन्न भरडणारे स्नायुमय जठर, कोंबडीच्या पेषणीपेक्षा बरीच बलवान असते. गिळलेले बारीक खडे आणि पेषणीचा दाब यांच्या साहाय्याने हंस गवताच्या पेशी फोडतो आणि आतील प्रथिने व शर्करा मोकळ्या करतो. आतड्याच्या शेवटच्या भागाला जोडलेल्या दोन बंद पिशव्यांमध्ये जिवाणू तंतुमय पदार्थांचा थोडा भाग आंबवतात. परंतु हंस रवंथ करत नाही, त्याच्या पोटात गाईसारखी मोठी आंबवणटाकी नाही, आणि खाल्लेले अन्न काही तासांतच बाहेर पडते. त्यामुळे गवतातील पेशीरस त्याला लाभतो, पण जून झालेल्या गवताचा काष्ठमय भाग त्याच्या उपयोगाचा नसतो. कोवळ्या गवताच्या शुष्क भागात १५ ते २५ टक्के प्रथिने असू शकतात, आणि तेच गवत फुलोऱ्यावर येऊन वाळले की हे प्रमाण १० टक्क्यांच्या खाली उतरते. चांगले कुरण हा हंसासाठी प्रथिनांचा पहिला पर्यायी स्रोत आहे. पर्यायांच्या चर्चेत तो बहुधा विसरला जातो, कदाचित तो पोत्यात भरून विकता येत नाही म्हणून.

अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिफारशी आजही संदर्भासाठी वापरल्या जातात. त्यानुसार पहिल्या चार आठवड्यांत हंसाच्या पिल्लाच्या खाद्यात २० टक्के प्रथिने असावीत, आणि चार आठवड्यांनंतर १५ टक्के पुरतात. अंडी घालणाऱ्या मादीसाठीही १५ टक्केच सांगितली आहेत. लायसिन या अमिनो आम्लाची गरज पहिल्या टप्प्यात १ टक्का आणि नंतर ०.८५ टक्के आहे. मेथिओनिन आणि सिस्टिन या गंधकयुक्त अमिनो आम्लांची एकत्रित गरज अनुक्रमे ०.६० आणि ०.५० टक्के आहे. पोलंडमधील कोवुदा जातीच्या पांढऱ्या हंसांचे पालन पाहिले की वयाचा हा फरक किती मोठा आहे ते कळते. सुमारे १७ आठवड्यांच्या पालनातील शेवटचे तीन आठवडे या पक्ष्यांना मुख्यतः ओट हे धान्य पोटभर दिले जाते. ओटमध्ये प्रथिने जेमतेम ११ टक्क्यांच्या आसपास असतात, तरीही पक्षी उत्तम तयार होतो, कारण तोवर त्याच्या शरीराची मुख्य बांधणी झालेली असते. मग या वयात त्याला सोयापेंड द्यायचीच कशाला?

प्रथिनांच्या टक्केवारीबद्दलही थोडे सावध राहायला हवे. खाद्याच्या पोत्यावर छापलेले ‘कच्चे प्रथिन’ कोणी प्रत्यक्ष मोजलेले नसते. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये पदार्थातील नायट्रोजन मोजण्याची पद्धत शोधली. प्रथिनांत सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो असे धरून तो आकडा ६.२५ ने गुणला की ‘कच्चे प्रथिन’ मिळते. नायट्रोजन कुठूनही आलेला असला तरी ही पद्धत त्याला प्रथिनच समजते. २००७ मध्ये उत्तर अमेरिकेत पाळीव कुत्र्या-मांजरांच्या खाद्यातून विषबाधा झाली, तेव्हा गव्हाच्या ग्लूटेनमध्ये मेलामाइन हे नायट्रोजनयुक्त रसायन मिसळून हाच आकडा फुगवलेला आढळला होता. फसवणूक नसतानाही ही अडचण येते. कीटकांच्या अळीत कायटिन नावाचा, नायट्रोजन असलेला पण प्रथिन नसलेला पदार्थ असतो. म्हणून अळीच्या भुकटीसाठी ६.२५ ऐवजी ४.७६ हा गुणक अधिक योग्य असल्याचे संशोधकांनी दाखवले आहे. पोत्यावर ४२ टक्के लिहिलेले असेल तर या हिशेबाने खरे प्रथिन सुमारे ३२ टक्केच भरते. पर्यायी प्रथिनाची किंमत ठरवताना हा फरक ध्यानात घेतला नाही तर स्वस्त वाटलेला माल महागात पडतो.

शिवाय पक्ष्याला ‘प्रथिने’ नको असतात. त्याला अमिनो आम्ले हवी असतात, आणि तीही ठरावीक प्रमाणात. एक अमिनो आम्ल कमी पडले तर बाकीची असूनही वापरली जात नाहीत; त्यांतील नायट्रोजन यूरिक आम्लाच्या रूपाने विष्ठेतून बाहेर पडतो आणि पुढे त्याचाच अमोनिया होऊन शेडमधली हवा बिघडते. एक साधा हिशेब करून पाहू. १०० किलो खाद्यातील १० किलो सोयापेंड काढून तिच्या जागी सूर्यफुलाची पेंड घालायची आहे. सोयापेंडीत ४६ टक्के प्रथिने आणि २.८ टक्के लायसिन धरले, तर या १० किलोंतून ४.६ किलो प्रथिने आणि २८० ग्रॅम लायसिन मिळत होते. सूर्यफूल पेंडीत ३४ टक्के प्रथिने आणि १.२ टक्के लायसिन धरले, तर तितकीच प्रथिने मिळवण्यासाठी ती साडेतेरा किलो लागते आणि तिच्यातून लायसिन मिळते सुमारे १६० ग्रॅम. प्रथिनांचा आकडा जिथल्या तिथे राहिला, पण १२० ग्रॅम लायसिन गळाले. ज्या पिल्लाला १०० किलो खाद्यात १ किलो लायसिन हवे, त्याच्या दृष्टीने ही १२ टक्क्यांची तूट आहे. ती भरून काढायला बाजारात मिळणारे लायसिन हायड्रोक्लोराइड सुमारे १५५ ग्रॅम घालावे लागेल. इतकेच नव्हे, तर जास्तीच्या साडेतीन किलो पेंडीसाठी तेवढे धान्य कमी करावे लागते आणि खाद्यातील ऊर्जाही उतरते. हंस जास्त खाऊन ऊर्जेची तूट काही प्रमाणात भरून काढतो. तंतुमय खाद्य पचवण्यात तो कोंबडीपेक्षा सरस असल्याने इथे त्याला थोडी सवलत मिळते. सूर्यफूल पेंडीत मेथिओनिनचे प्रमाण मात्र चांगले असते, आणि हंसाला पिसांसाठी गंधकयुक्त अमिनो आम्ले भरपूर लागत असल्याने वाढत्या व मोठ्या पक्ष्यांसाठी ही पेंड मला पहिल्या पसंतीची वाटते.

वाटाणा, घेवड्याच्या कुळातील फाबा बीन आणि ल्युपिन ही कडधान्ये थंड हवामानात येतात, म्हणून युरोपात त्यांच्याकडे मोठ्या आशेने पाहिले जाते. वाटाण्यात २० ते २५ टक्के प्रथिने असतात, लायसिन मुबलक असते आणि मेथिओनिन कमी. म्हणजे सूर्यफुलाच्या नेमके उलट. दोन्ही एकत्र दिली तर एकाची उणीव दुसरी भरून काढते. ल्युपिनच्या जुन्या जाती कडू अल्कलॉइडांमुळे खाद्याला निरुपयोगी होत्या. १९२० च्या दशकाच्या अखेरीस राइनहोल्ड फॉन झेंगबुश या जर्मन संशोधकाने असंख्य रोपे तपासून अल्कलॉइड अत्यल्प असलेली मोजकी रोपे निवडली, आणि त्यांतून ‘गोड’ ल्युपिन निर्माण झाले. पिवळ्या ल्युपिनमध्ये प्रथिने ४० टक्क्यांच्या आसपास जातात, त्यामुळे या गटात सोयापेंडीच्या सर्वांत जवळ तेच येते. फाबा बीनमध्ये टॅनिन तसेच व्हिसिन आणि कॉन्व्हिसिन ही द्रव्ये असतात. त्यांमुळे कोंबडीच्या अंड्यांचा आकार घटतो असे आढळले आहे, म्हणून प्रजननाच्या कळपाला हे धान्य देताना हात आखडता ठेवावा.

मोहरीवर्गातील रेपसीडच्या पेंडीची कथाही अशीच आहे. तिच्यातील ग्लुकोसिनोलेट थायरॉइड ग्रंथीच्या कामात अडथळा आणतात आणि पेंडीला तिखटपणा आणतात. १९७० च्या दशकात कॅनडातील कीथ डाउनी आणि बाल्डर स्टेफान्सन यांच्या कामातून ग्लुकोसिनोलेट आणि एरुसिक आम्ल (तेलातील एक नकोसे मेदाम्ल) दोन्ही अल्प असलेल्या जाती तयार झाल्या. त्यांनाच आपण कॅनोला म्हणतो. कॅनोलाच्या पेंडीत ३५ ते ३८ टक्के प्रथिने असतात आणि गंधकयुक्त अमिनो आम्लांत ती सोयापेंडीपेक्षा सरस आहे. खरेदी करताना एवढेच पाहायचे की हाती आलेली पेंड कॅनोलाची आहे की साध्या मोहरीची. रंगावरून ते ओळखता येत नाही.

सरकी आणि भुईमूग या दोन पेंडी स्वस्त, प्रथिनसमृद्ध आणि सहज मिळणाऱ्या आहेत, आणि हंसाच्या बाबतीत सर्वाधिक काळजी याच दोहोंची घ्यावी लागते. सरकीत गॉसिपॉल हे विषारी रंगद्रव्य असते. पेंड तयार करताना उष्णतेने त्याचा बराच भाग प्रथिनांना चिकटून निष्क्रिय होतो, पण तो चिकटतो लायसिनलाच, म्हणजे विष कमी होताना लायसिनही हातचे जाते. उरलेले मुक्त गॉसिपॉल अंड्यांच्या बलकात उतरते आणि साठवलेल्या अंड्यांचा बलक हिरवट-तपकिरी पडतो. नराच्या शुक्राणूंवर त्याचा वाईट परिणाम होतो हे अनेक प्राण्यांत दिसले आहे. फेरस सल्फेट घातल्यास त्यातील लोह मुक्त गॉसिपॉलला बांधून ठेवते. तरीही ही पेंड मांसासाठी वाढवल्या जाणाऱ्या मोठ्या पक्ष्यांपुरती ठेवावी आणि प्रजननाच्या कळपापासून दूरच ठेवावी.

भुईमुगाच्या पेंडीचा धोका तिच्या स्वतःच्या द्रव्यांत नाही, तिच्यावर वाढणाऱ्या बुरशीत आहे. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये १ लाखाहून अधिक टर्की पक्षी अनाकलनीय आजाराने मेले. कारण कळेना म्हणून त्याला ‘टर्की एक्स’ असे नाव पडले. माग काढता काढता तो ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीपर्यंत पोचला, आणि त्या पेंडीवरील अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीच्या विषाला पुढे अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. बदकांची पिल्लेही त्यात दगावली होती. बदकाचे एक दिवसाचे पिल्लू या विषाला इतके हळवे असते की पुढे कित्येक वर्षे अफ्लाटॉक्सिन तपासण्यासाठी त्याचाच उपयोग केला गेला. हंसाचे पिल्लूही याच हळव्या गटातले आहे. कोंबडीच्या पिल्लाला ज्या मात्रेने फारसे काही होत नाही, तेवढ्याने हंसाच्या पिल्लाचे यकृत खराब होऊ शकते. म्हणूनच ‘कोंबड्यांना चालते, मग यांनाही चालेल’ हा युक्तिवाद इथे करू नये. धान्यापासून इथेनॉल बनवल्यावर उरणाऱ्या वाळवलेल्या चोथ्यालाही हीच सावधगिरी लागू आहे. धान्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग असलेला स्टार्च आंबवणीत निघून जातो, त्यामुळे प्रथिने सुमारे तिप्पट दाट होऊन २७ ते ३० टक्क्यांवर जातात; पण मूळ धान्यात बुरशीचे विष असेल तर तेही तितकेच दाट होते. शिवाय वाळवताना उष्णता जास्त झाली की लायसिन करपते. गडद तपकिरी, जळकट वासाचा चोथा घेऊच नये.

आता सर्वाधिक चर्चेत असलेल्या कीटकांकडे वळू. ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीची अळी वाया गेलेल्या वनस्पतिजन्य पदार्थांवर वेगाने वाढते, आणि तिच्या प्रथिनांतील अमिनो आम्लांचे प्रमाण चांगले असते. अळीत चरबीही भरपूर असल्याने ती काढून मग भुकटी करतात. बोव्हाइन स्पाँजिफॉर्म एन्सेफॅलोपॅथी, म्हणजेच ‘मॅड काउ’ रोगाच्या साथीनंतर युरोपियन संघाने पशुजन्य प्रथिनांवर कडक बंधने घातली होती. कीटकांची प्रथिने कोंबडीवर्गीय पक्षी आणि डुकरांच्या खाद्यात वापरण्यास तिथे सप्टेंबर २०२१ पासून परवानगी मिळाली. पण त्याच नियमांनुसार या अळ्या पाळीव प्राणी मानल्या जातात, म्हणून त्यांना स्वयंपाकघरातील उष्टे-खरकटे किंवा शेण खाऊ घालता येत नाही. ‘कचऱ्यातून प्रथिने’ हे या उद्योगाचे आवडते वाक्य आहे, आणि या नियमामुळे त्यातला कचराच बहुतांशी गळून पडतो. पक्ष्याला जे खाद्य थेट देता आले असते तेच आधी अळीला घालायचे असेल, तर मधली नासाडी कोणी तरी हिशेबात धरायला हवी. तूर्त पहिल्या काही आठवड्यांच्या पिल्लांसाठी, थोड्या प्रमाणात, मासळीच्या भुकटीच्या जागी कीटकांची भुकटी वापरणे समजण्यासारखे आहे. चरणाऱ्या मोठ्या हंसासाठी ती चैन आहे.

कुक्कुट प्रक्रियेतून उरणाऱ्या पिसांच्या भुकटीत ८० टक्क्यांहून अधिक कच्चे प्रथिन असते आणि हा आकडा मोह पाडणारा आहे. पण पिसांतील केरॅटिन गंधकाच्या बंधांनी घट्ट विणलेले असते. दाबाखाली वाफेवर शिजवून ते बंध तोडल्याखेरीज पक्ष्याला त्यातले फारसे काही पचत नाही, आणि पचले तरी लायसिन व मेथिओनिन कमीच मिळते. शिवाय पशुजन्य प्रथिनांचे कायदे देशागणिक वेगळे आहेत. सूक्ष्मजीवांपासून मिळणाऱ्या प्रथिनांचा अनुभव बोधक आहे: आयसीआय या ब्रिटिश कंपनीने मेथनॉलवर जिवाणू वाढवून ‘प्रुटीन’ नावाचे खाद्य बनवण्याचा भलामोठा कारखाना बिलिंगहॅम येथे १९८० च्या सुमारास उभारला. तंत्र यशस्वी झाले, पण सोयापेंड स्वस्त राहिल्याने धंदा बुडाला. स्पिरुलिनात ६० टक्क्यांच्या आसपास प्रथिने असली, तरी खाद्य म्हणून तिचा भाव परवडत नाही.

यीस्टचा एक गुण मात्र हंसासाठी विशेष मोलाचा आहे. हंसाच्या पिल्लाला नायसिन या जीवनसत्त्वाची गरज फार असते. १९९४ च्या त्याच शिफारशींत ती किलोमागे ६५ मिलिग्रॅम दिली आहे, तर ब्रॉयलर कोंबडीच्या पिल्लासाठी ३५ मिलिग्रॅम. कमी पडल्यास पिल्लाचे पाय वाकतात आणि ते नीट उभे राहू शकत नाही. मक्यातील नायसिन बहुतांशी बांधलेल्या रूपात असते, म्हणून प्रथिनांचा स्रोत बदलताना जीवनसत्त्वांचे मिश्रणही पुन्हा तपासावे लागते. यीस्टमध्ये प्रथिने ४० टक्क्यांच्या वर असतात आणि नायसिनही भरपूर असते. थोडे यीस्ट घातल्याने दोन्ही गरजांना हातभार लागतो.

हिरव्या प्रथिनांपैकी लसूणघास आणि क्लोव्हर ही द्विदल चाऱ्याची पिके हंसाला मानवतात. लसूणघासाच्या शुष्क भागात १५ ते २० टक्के प्रथिने असतात. अझोला आणि डकवीड या पाणवनस्पती हंस आवडीने खातात. अझोलाच्या पानांत राहणारे निळे-हिरवे जिवाणू हवेतील नायट्रोजन बांधतात, म्हणून तिला नत्रखत फारसे लागत नाही. परंतु या वनस्पतींत ९० टक्क्यांहून अधिक पाणी असते. २५ टक्के प्रथिने असे वाचले, तरी १ किलो ताज्या अझोलात कोरडा भाग सुमारे ७० ग्रॅम आणि त्यात प्रथिने १७-१८ ग्रॅमच असतात. तीन-चार आठवड्यांच्या आतल्या पिल्लाचे पोट अशा पाण्याने भरले तर त्याला जे हवे ते मिळतच नाही. डकवीड सांडपाण्यात वाढवलेले असेल तर त्यात जड धातू साठलेले असू शकतात.

प्रथिने वाढवत नेणेही घातकच आहे. जास्तीचा नायट्रोजन मूत्रपिंडांमार्फत यूरिक आम्ल म्हणून बाहेर टाकावा लागतो, आणि प्रथिने व कॅल्शियम दोन्ही जास्त झाली की पिल्लांत मूत्रपिंडावर ताण येऊन यूरेटचे पांढरे थर अवयवांवर साचतात. चीनमध्ये २०१७ च्या सुमारापासून हंसाच्या पिल्लांत आढळलेल्या अशा आजारामागे अ‍ॅस्ट्रोव्हायरस हा विषाणू असल्याचे निष्पन्न झाले, त्यामुळे प्रत्येक वेळी दोष खाद्याचाच असतो असे नाही. पण अशा काळात २० टक्क्यांच्या वरचे खाद्य देणे म्हणजे दुखण्यात भर घालणे. पंखाचे टोक बाहेर वळण्याच्या विकृतीसाठीही अतिपौष्टिक खाद्यामुळे होणारी वेगवान वाढ जबाबदार मानली जाते.

प्रत्यक्ष बदल करताना चार आठवड्यांपर्यंत सोयापेंड मुख्य ठेवून तिच्यासोबत थोडे यीस्ट, कॅनोला पेंड किंवा गोड ल्युपिन द्यावे, आणि त्यानंतर कुरण, सूर्यफूल पेंड व वाटाणा यांवर अधिकाधिक भर टाकावा. नवा घटक एकदम न घालता सात ते दहा दिवसांत हळूहळू वाढवावा, आणि कळपाचा एक भाग जुन्या खाद्यावर ठेवून दोन्हींची वजने दर आठवड्याला घ्यावीत. पिसांची वाढ, पायांची ठेवण आणि विष्ठेचा ओलेपणा यांतून वजनकाट्याच्या आधी इशारा मिळतो. प्रजननाच्या कळपात मात्र हा बदल अंड्यांचा हंगाम सुरू होण्याच्या बराच आधी करावा, कारण मादी वर्षाला मोजकीच अंडी देते, ती उबायला सुमारे ३० दिवस लागतात, आणि खाद्यातील चूक उबवणीच्या आकड्यांत दिसेपर्यंत हंगामाचा मोठा भाग उलटून गेलेला असतो.